रणवैद्याची झोळी : एक दाखवायची, एक वापरायची

अमेरिकी यादवी युद्धातील (१८६१-६५) गेटिसबर्गसारख्या लढाया हौशी इतिहासप्रेमी त्या काळचे गणवेश चढवून मैदानावर पुन्हा उभ्या करतात. या सैन्यात शल्यवैद्याचीही भूमिका असते. त्याच्या औषधझोळीला जुना काळ दाखवायचा असतो, आणि कोणी खरोखरच कोसळला तर त्याला सावरायचेही असते. एकाच झोळीतून ही दोन्ही कामे साधत नाहीत.

देखाव्याचा संच

गुंडाळलेल्या सुती वा लिननच्या पट्ट्या, जुने लिनन खरवडून केलेले मऊ लिंट, स्क्रूने आवळायचा पट्टा अर्थात टूर्निके, माशाच्या वाताशयातील सरसाचा लेप दिलेली चिकटपट्टी, सुई-दोरा आणि काचेच्या बाटल्या एवढे साहित्य पुरेसे ठरते. बाटल्यांवर क्विनाइन, अफू, क्लोरोफॉर्म अशी नावे असावीत. आत मात्र पीठ किंवा रंगीत पाणीच भरावे. पाऱ्यापासून बनणारे कॅलोमेल तर खुद्द उत्तरेच्या सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी १८६३ मध्ये औषधांच्या यादीतून काढून टाकले होते.

कालविसंगती टाळावी

जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यानंतर. त्यामुळे निर्जंतुक पाकिटातील गॉज किंवा रबरी हातमोजे या संचात शोभत नाहीत. जखमेवर लावायची तयार चिकटपट्टी तर १९२० मधली.

खरी पेटी

या युद्धातील सुमारे दोन तृतीयांश सैनिक जखमांनी नव्हे, तर आजारांनी दगावले. ज्या उपचारांना तेव्हा मर्यादा होत्या, ते आज कोणावरही करून पाहू नयेत. न उकळलेले लिंट उघड्या जखमेवर ठेवणे धोक्याचेच. लोकरी गणवेशामुळे होणारा उष्माघात, बंदुकीच्या दारूने भाजणे आणि पाय मुरगळणे हे मैदानावरील खरे धोके होत. त्यासाठी निर्जंतुक ड्रेसिंग, हातमोजे, क्षारसंजीवनी, बर्फाच्या पिशव्या आणि भरपूर स्वच्छ पाणी लाकडी खोक्यात झाकून जवळच ठेवावे. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. उष्माघाताची शंका येताच गणवेश सैल करून शरीर थंड करावे व रुग्णवाहिका बोलवावी.

खोके कोठे आहे, हे दोन्ही बाजूंच्या 'सैनिकां'ना आधीच ठाऊक हवे. खऱ्या दुखापतीसाठी एक ठरलेला शब्दही असावा; एरवी तळमळणारा माणूस उत्तम अभिनय करतो आहे, असेच सर्वांना वाटेल.