लाकडाची सावली

पेण किंवा रोह्याच्या जुन्या आळीतल्या कौलारू घरात भर मे महिन्यात शिरले, की क्षणभर डोळ्यांना काही दिसत नाही. बाहेर रणरणते ऊन आणि आत गारवा, काळोख. हा काळोख गैरसोयीचा म्हणून पुढे आपण खिडक्या मोठ्या केल्या. पण घरातले लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्यात या काळोखाचा वाटा मोठा होता.

चांगले लाकूड आपल्याकडे पूर्वीपासून मोलाचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१६) आरमारासाठीदेखील साग हुजूरच्या परवानगीने तोडावा आणि आंबा-फणसाला धन्याला राजी केल्याशिवाय हात लावू नये, अशी ताकीद आहे. असे लाकूड घरात आले, की त्याचा झोपाळा, पलंग, देव्हारा नातवंडांच्या हिशेबाने घडे. टेबल-खुर्ची हे इंग्रजी अमदानीत कचेरीतून घरात आलेले पाहुणे.

लाकडाची राखण घराच्या बांधणीतच होती. उतरते छप्पर, खाली झुकलेली वळचण, पुढे पडवी आणि मग ओटी. मे महिन्यात दुपारचा सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचे ऊन छपरावर पडते, माजघरात पोचत नाही. संध्याकाळचे तिरपे ऊन वळचण आणि पडवी अडवतात.

उन्हाने होते काय? लाकडाचे तंतू एकत्र धरणारे लिग्निन नावाचे द्रव्य अतिनील किरणांनी तुटते. शिसव फिका पडतो, पृष्ठभाग रखरखीत होतो. उष्णतेचे काम वेगळे. ती लाकडातला ओलावा ओढून घेते. लाकूड आटते ते मुख्यतः रुंदीत, लांबीत फारच थोडे. म्हणून फळीला उभी चीर जाते आणि सांधे ढिले होतात. रायगडात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आटणारच. हे ओळखून सुतार कपाटाच्या दारातली मधली फळी चिकटवत नसे, चौकटीच्या खाचेत सैल ठेवी. पेणच्या मूर्तिकारांनाही हे ठाऊक आहे. शाडूची मूर्ती सावलीत सुकवतात. उन्हात ठेवली, तर वरचा थर आधी आटतो आणि तडा जातो.

१९८६ मध्ये रेल्वे पेणवरून रोह्यापर्यंत आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. गावांची शहरे होऊ लागली, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आजोबांची आरामखुर्ची फ्लॅटमध्ये आली, पण तिची पडवी मागेच राहिली. आता ती पश्चिमेच्या खिडकीशी, तापलेल्या स्लॅबखाली बसते. काच बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नये. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडाली. जिथे कौलांच्या जागी पत्रा आला, तिथे उन्हाळ्याची झळ अधिकच जवळ आली.

मग करावे काय? गेलेली पडवी थोडी परत आणावी. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाची किंवा बांबूची चटई सोडावी. ऊन काचेबाहेरच अडवलेले बरे. सामान भिंतीपासून चार बोटे आणि खिडकीपासून दूर ठेवावे. टेबलावरचे कापड, फुलदाणी अधूनमधून हलवावी, नाहीतर त्यांच्या आकाराचा डाग उमटतो. जुने फ्रेंच पॉलिश लाखेचे असते. गरम पातेले थेट टेकवले, की पांढरे वर्तुळ उठते. रखरखीत झालेल्या, पॉलिश नसलेल्या लाकडाला जवसाचे तेल अगदी पातळ लावून पुसून घ्यावे. मात्र तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. मोकळे पसरून वाळवावेत.

शिसवी पलंग आज नव्याने करायचा म्हटले, तर तसे लाकूड मिळणे कठीण. जो घरात आहे, त्याला निदान सावली द्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)