फाउलहॉर्नची चढाई

श्रम केले की स्नायूंतील प्रथिने जळतात, ही व्यायामशाळांत अजूनही ऐकू येणारी समजूत मुळात युस्टुस फॉन लीबिग यांची. रसायनशास्त्रात त्यांचा शब्द त्या काळी अखेरचा मानला जाई.

३० ऑगस्ट १८६५. झुरिकचे दोन प्राध्यापक, आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस, पहाटे ब्रिएन्झ सरोवराकाठून फाउलहॉर्न शिखराकडे निघाले. आदल्या दुपारपासून प्रथिने वर्ज्य. आहार म्हणजे चरबीत तळलेले पिष्टाचे पोळे आणि साखरेचा चहा. (एकादशीहून कडक व्रत!) १,९५६ मीटर चढताना आणि नंतरही त्यांनी आपले मूत्र साठवले व त्यातील नायट्रोजन मोजला. खर्च झालेल्या प्रथिनांतून एवढी चढाई होणे अशक्यच होते. एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६६ मध्ये अन्नाची ज्वलन-उष्णता प्रत्यक्ष मोजून त्यावर शिक्कामोर्तब केले: श्रमाचे मुख्य इंधन पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ.

त्याच १८६५ साली लंडनमध्ये लीबिग यांच्या नावाची मांसार्क विकणारी कंपनी स्थापन झाली. उरुग्वेत गुरांचे मांस उकळून काढलेल्या त्या अर्कात प्रथिने फारशी उरतच नसत. बरण्या मात्र युरोपभर खपत राहिल्या.