भोवऱ्याचे बळ

अग्निबाणाच्या इंजिनात इंधन रेटणाऱ्या पंपाला 'टर्बोपंप' म्हणतात. यातले 'टर्बो' हे 'टर्बाइन'चे लघुरूप. 'टर्बाइन' हा शब्द 1822 मध्ये फ्रेंच अभियंता क्लोद ब्युर्दँ याने लॅटिन 'टर्बो'वरून घडवला. लॅटिनमध्ये त्याचे अर्थ वावटळ आणि मुलांचा भोवरा. आपल्याकडेही 'भोवरा' म्हणजे दोरीने फिरवायचे खेळणे आणि नदीतले गरगरते पाणीही. संस्कृत 'भ्रम्' म्हणजे फिरणे. 'भ्रमर' आणि 'भोवळ' त्याच कुळातले. दोन दूरच्या भाषांना गरगरण्यात एकच चित्र दिसावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-5 अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-1 इंजिने होती. प्रत्येकात थोडे इंधन वेगळे जाळून तयार झालेला तप्त वायू टर्बाइन फिरवी. त्याच दांड्यावरचे पंप सेकंदाला सुमारे अडीच टन केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन ज्वलनकक्षात रेटत. मिनिटाला साधारण साडेपाच हजार फेरे आणि ताकद सुमारे 55,000 अश्वशक्ती! माणूस चंद्रावर पोहोचला तो अशा भोवऱ्यांच्या बळावर.