लॅसिक : चष्म्याला पर्याय, पण तपासणीनंतरच

चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स नको असलेल्यांसाठी लॅसिक हा शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. यात कॉर्निया या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा पातळ पापुद्रा उचलून आतील थराला एक्सायमर लेसरने नवा आकार दिला जातो. त्यामुळे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर नेमके केंद्रित होतात. किमान १८ वर्षे वय, स्थिर झालेला नंबर आणि कॉर्नियाची पुरेशी जाडी या प्रमुख अटी होत. केराटोकोनस म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा विकार असल्यास शस्त्रक्रिया टाळावी; अन्यथा दृष्टी आणखी खालावू शकते. कॉन्टॅक्ट लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस लेन्स वापरू नयेत. शस्त्रक्रियेनंतर काही काळ डोळे कोरडे पडू शकतात. चाळिशीत लागणारा वाचनाचा चष्मा मात्र लॅसिकने टळत नाही.