हाताने केलेले म्हणजे काय, हे कोण ठरवते?

घरी विणलेली लोकरीची टोपी, चांदीच्या तारेची कानातली, जुन्या साड्यांची गोधडी अशा वस्तू घरबसल्या जगभर विकण्याची जागा म्हणून एट्सी हे नाव आता आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली हे संकेतस्थळ सुरू झाले. कल्पना मात्र त्याहून फार जुनी आहे. घरात बसून वस्तू करणाऱ्या बाईला तिला न दिसणारे गिऱ्हाईक मिळवून द्यायचे आणि विक्रीतून ठरावीक टक्के कापून घ्यायचे, हा व्यवहार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच रुजला होता. आजच्या धाग्यात या दोन दुकानदाऱ्यांचा इतिहास पाहू.

फिलाडेल्फियात १८३२ साली काही सुस्थितीतील स्त्रियांनी एक दुकान काढले. हलाखीत सापडलेल्या कुलीन घरांतील बायकांनी केलेले शिवणकाम तिथे विक्रीस ठेवले जाई. आपल्या भाषेत याला अडत म्हणतात. माल करणारीचा, गल्ला दुकानाचा. विकले गेले तर पैसे, नाही तर वस्तू परत. ही रीत पुढे अनेक शहरांत पसरली, त्याचे कारण युद्ध. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली आणि मागे विधवांचा मोठा वर्ग उरला. पाठोपाठ १८७३ची आर्थिक मंदी आली. कालपर्यंत नोकरचाकर बाळगणाऱ्या घरांत अन्नाची विवंचना सुरू झाली. पण ‘सभ्य’ घरच्या बाईने मजुरी करणे तेव्हाच्या समाजाला मंजूर नव्हते. तिने काय करावे?

यावर उत्तर शोधणाऱ्यांत कॅन्डेस व्हीलर हे नाव ठळक आहे. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क या संस्थेचे भरतकाम त्यांनी पाहिले. गरजू स्त्रियांच्या सुईतून कला आणि उपजीविका दोन्ही साधता येतात, हे त्यांच्या मनाने घेतले, आणि १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट ही संस्था उभी राहिली. रंगवलेली चिनी मातीची भांडी, उत्तम भरतकाम असा माल परीक्षकांच्या नजरेतून उतरला तरच तिथे घेतला जाई.

आणि इथेच पहिली ठिणगी पडली. ज्या बाईला कलात्मक भरतकाम येत नाही, पण मुरंबा उत्तम येतो, तिचे काय? जिला फक्त साधी झबली शिवता येतात, ती कमी गरजू ठरते की काय? दुसऱ्याच वर्षी, १८७८ साली, मेरी चोट यांच्यासोबत व्हीलर यांनी न्यूयॉर्क एक्स्चेंज फॉर विमेन्स वर्क ही निराळी संस्था काढली. तिथे स्त्रीने स्वतः केलेली कोणतीही विकाऊ वस्तू चाले. केक आणि लोणचीसुद्धा. एका संस्थेने वस्तूचा दर्जा पाहिला, दुसरीने करणारीची गरज. हाताने केलेल्या वस्तूंच्या बाजारातला हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. व्हीलर यांच्या ठायी या दोन्ही बाजू एकाच वेळी नांदत होत्या, हे मला फार मोलाचे वाटते.

अशी दुकाने मग डझनावारी शहरांत निघाली. त्यांची सर्वसाधारण अडत १० टक्के. एवढ्यात जागेचे भाडे व पगार भागत नसत. बाकीचा खर्च देणग्या आणि सभासदांच्या वर्गणीतून निघे. आणखी एक रिवाज होता. माल ठेवणारीचे नाव वस्तूवर नसे, असे तो एक क्रमांक. शेजारणीला कळता कामा नये की अमुक घरातली सून पैशासाठी शिवते. अब्रू झाकणारा हा क्रमांक बाईचे कर्तेपणही झाकून टाकत होता. उत्तम रुमाल भरणारी स्त्री उभ्या आयुष्यात आपल्या नावाने ओळखली गेली नसेल, असे किती घडले असेल कोण जाणे.

(जाता जाता: आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत हिंडल्या, तो काळ नेमका या दुकानांच्या भरभराटीचा. त्या देशावर त्यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी ग्रंथात स्त्रियांच्या स्थितीला आणि संघटित कार्याला मोठी जागा आहे. ज्यांना त्या काळच्या अमेरिकी स्त्रीचे जग मराठी डोळ्यांनी पाहायचे असेल, त्यांनी तो अवश्य मिळवून वाचावा.)

न्यूयॉर्कचे ते दुकान सव्वाशे वर्षे चालले आणि २००३ साली बंद झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच शहरात, जून २००५ मध्ये एट्सी सुरू झाले. हा निव्वळ योगायोग; पण इतिहासात असे योगायोग टिपून ठेवावेत.

एट्सीच्या संस्थापकांपैकी रॉब कॅलिन हा स्वतः सुतारकाम करणारा तरुण. आपल्या लाकडी वस्तू विकायला इंटरनेटवर मनाजोगती जागा नाही, ही त्याची अडचण. क्रिस मॅग्वायर आणि हाइम शॉपिक या मित्रांनी संगणकाची बाजू सांभाळली. नियम साधे होते. विक्रेत्याने वस्तू स्वतः केलेली असावी. तिच्याखेरीज वीस वर्षांहून जुन्या वस्तू आणि हस्तकलेचे साहित्य एवढेच चालेल. एक वस्तू मांडायला काही सेंट, आणि विकली गेली तर ३.५ टक्के. अडत एक्स्चेंजच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि क्रमांकाच्या जागी करणारीचे नाव, तिचा फोटो, तिच्या घरातल्या कामाच्या टेबलाचे वर्णन! एकोणिसाव्या शतकात जे लपवायचे होते, तेच आता मालाचे भूषण झाले होते. २०१४ अखेर १४ लाख विक्रेते, सुमारे दोन कोटी गिऱ्हाइके आणि वर्षाला १९३ कोटी डॉलरची उलाढाल, इथवर ही गाडी आली. कंपनीने स्वतःच जाहीर केल्यानुसार विक्रेत्यांत ८६ टक्के स्त्रिया होत्या.

मात्र यश मिळाले की हाताचे गणित चुकते. नाताळाच्या तोंडावर एका बाईकडे पाचशे टोप्यांची मागणी आली, तर दोन हातांनी किती विणणार? मदतनीस ठेवावा, तर नियम आडवा येई. मागणी नाकारावी, तर मेहनतीने जमवलेले गिऱ्हाईक जाई. दुसरीकडे नियम मोडणारे निर्धास्त होते. एप्रिल २०१२ मध्ये संकेतस्थळाने मोठ्या कौतुकाने एका फर्निचर विक्रेत्याची ओळख छापली, आणि ते फर्निचर बालीहून आयात झालेले असल्याचा आरोप इतर विक्रेत्यांनी कागदपत्रांनिशी केला. बराच गदारोळ झाला.

ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने नियम बदलला. विक्रेत्याला नोकर ठेवता येतील आणि कंपनीच्या मान्यतेने बाहेरच्या कारखान्यातून वस्तू करूनही घेता येईल. तेव्हाचे प्रमुख चॅड डिकरसन यांनी हस्तनिर्मित या शब्दाचा अर्थ तीन शब्दांत नव्याने मांडला: कर्तृत्व, उत्तरदायित्व आणि पारदर्शकता. अर्थात, वस्तू कोणाच्या हाताने घडली यापेक्षा ती कोणाच्या कल्पनेतून आली हे महत्त्वाचे. युक्तिवाद अगदीच फोल नव्हता. आपल्याकडची पैठणी तरी एकट्याच्या हातची कुठे असते? रेशीम उकलणारे, रंगवणारे, ताणा लावणारे, विणणारे असे अनेक हात तिला लागतात. माझ्या मते नियम सैल होणे अटळ होते. खटकते ते हे, की लाखो बायकांनी ज्या शब्दावर विसंबून दुकाने थाटली, त्याचा अर्थ गल्ल्यावर बसलेल्याने परस्पर बदलला आणि बदलताना त्यांना मत नव्हते.

पुढचा टप्पा भांडवलाचा. १६ एप्रिल २०१५ रोजी कंपनीचे शेअर बाजारात आले. १६ डॉलरला विकलेला शेअर त्याच दिवशी ३० डॉलरवर बंद झाला. सामाजिक बांधिलकी पाळणाऱ्या कंपन्यांना मिळणारे बी-कॉर्प हे प्रमाणपत्र एट्सीने २०१२ मध्ये मिळवले होते आणि ते मिरवलेही होते. शेअरचा भाव घसरला, गुंतवणूकदारांनी दबाव आणला, २०१७ मध्ये डिकरसन गेले, जॉश सिल्व्हरमन आले, शेकडो कर्मचाऱ्यांना काढण्यात आले आणि वर्ष सरता सरता प्रमाणपत्रावरही पाणी सोडण्यात आले. जुलै २०१८ मध्ये अडत ३.५ वरून ५ टक्के झाली, आणि यापुढे ती टपालखर्चाच्या रकमेवरही लागणार होती. गिऱ्हाइकाने टपालासाठी दिलेले पैसे ज्या बाईला तसेच्या तसे टपाल खात्याला मोजायचे, त्यांतही आता वाटेकरी आला.

२०२० हे वर्ष महामारीचे. दुकाने बंद, मुखपट्ट्यांची टंचाई. एप्रिलमध्ये कंपनीनेच विक्रेत्यांना मुखपट्ट्या शिवण्याचे आवाहन केले आणि घरोघरची शिवणयंत्रे धडधडू लागली. आदल्या वर्षी ५०० कोटी डॉलरच्या आसपास असलेली उलाढाल त्या वर्षी १,००० कोटींच्या पुढे गेली. त्याच वर्षी जाहिरातीची एक नवी योजना आली. कंपनीने बाहेर दिलेल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले, तर विक्रेत्याने १५ टक्के द्यायचे. वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक विक्री असणाऱ्यांसाठी दर १२ टक्के. मात्र त्यांना योजनेतून बाहेर पडण्याची मुभा नाही.

एक हिशेब मांडून पाहू. चाळीस डॉलरची टोपी, दहा डॉलर टपाल. अडत २०२२ पासून साडेसहा टक्के, म्हणजे पन्नासांवर ३.२५ डॉलर. मांडणीचे २० सेंट. पैसे वळते करण्याचे, अमेरिकेतील दराने, १.७५. गिऱ्हाईक जाहिरातीवरून आलेले असेल तर आणखी ७.५०. एकूण १२.७०. पन्नासांतून हे आणि टपालाचे दहा वजा जाता २७.३० उरतात, त्यांत लोकर, बारदान, वीज आणि दोन दिवसांची मेहनत. एक्स्चेंजच्या बायकांनी याच टोपीवर चार डॉलर घेतले असते. अर्थात तुलना पूर्ण न्याय्य नाही. त्या दुकानाला श्रीमंतांच्या वर्गणीचा टेकू होता आणि गिऱ्हाईक एका शहरापुरते होते, तर एट्सीने साऱ्या जगाचे गिऱ्हाईक दारात आणले. पण एक्स्चेंजला भागधारकांना नफा वाटायचा नव्हता, हेही खरे.

अडत साडेसहा टक्के झाली, त्या ११ एप्रिल २०२२ रोजी हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली. संप करायचा तर कारखान्याचे दार लागते. इथे दारच नव्हते. प्रत्येकीने आपल्या घरात, आपल्या पडद्यावर ‘सुट्टी’चे बटण दाबायचे आणि दुसरीने दाबले असेल असा विश्वास ठेवायचा. अडत कमी झाली नाही. तरीही एकमेकींना कधी न भेटलेल्या, एरवी परस्परांच्या स्पर्धक असलेल्या बायकांनी हे घडवले, हे कामगार इतिहासात नोंदवण्याजोगे आहे.

जुलै २०२४ मध्ये कंपनीने शब्दच वाटून टाकले. प्रत्येक वस्तूवर आता चिठ्ठी असते: विक्रेत्याने केलेली, विक्रेत्याने रचलेली, निवडून आणलेली किंवा मिळवून दिलेली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने काढलेले चित्र दुसऱ्या खणात बसते, तसे सांगितले म्हणजे झाले.

भारतीय विक्रेत्यांना यापेक्षा निराळाच फटका बसला. आठशे डॉलरपर्यंतचे पार्सल अमेरिकेत बिनजकात जाई. ही सवलत मुळात १९३८ची. तिची मर्यादा १९९३ मध्ये दोनशे आणि २०१६ मध्ये आठशे डॉलर झाली. जयपूरचे दागिने असोत की वारली चित्रांच्या चौकटी, अमेरिकी गिऱ्हाइकाला एकेक वस्तू टपालाने पाठवणे परवडे ते या सवलतीमुळे. २७ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय मालावरील अमेरिकी जकात ५० टक्क्यांवर गेली आणि २९ ऑगस्टला ही सवलत सर्व देशांसाठी संपली. जकात कोणी, कशी गोळा करायची याचा घोळ मिटेना, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले होते. १५ ऑक्टोबरला खिडकी पुन्हा उघडली. तेव्हाच्या दराने चाळीस डॉलरच्या वस्तूवर वीस डॉलर जकात, आणि ती इथेच, पार्सल सोपवतानाच आगाऊ भरायची होती.