लघुनालिकेची जुळणी व शुक्रनीतीचा काल

शुक्रनीतीच्या चवथ्या अध्यायाच्या सातव्या प्रकरणांत नालिकास्त्राचें जें वर्णन आलें आहे, त्यावरून गेल्या दीडशें वर्षांत पुष्कळ वाद झाला. गुस्टाव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर पुस्तक लिहिलें व १८८२ सालीं मद्रासेस शुक्रनीतीची आवृत्ति काढिली. बंदूक व बंदुकीची दारू हीं दोन्ही भरतखंडांत अतिप्राचीन कालापासून होतीं, असा त्यांचा पक्ष. उलटपक्षीं लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. दोन्ही पक्षांच्या लेखांत शब्दांचा खल भरपूर आहे. परंतु बंदूक नेमाला आणावयाची तर तिचें कोणतें अंग कसें बसवावें लागतें, या दृष्टीनें हे श्लोक वाचले तर कालनिर्णयास कांहीं निराळें साहाय्य होतें असें आम्हांस वाटतें. तोच प्रयत्न येथें करावयाचा आहे.

श्लोकांचा मथितार्थ असा. नळी पांच वितस्ति लांब असावी. तिच्या मुळाशीं छिद्र असावें. मुळाशीं व अग्राशीं लक्ष्य साधण्याकरितां तिळाएवढे बिंदु असावे. मुळाशीं ‘कर्ण’ असावा व त्यांत चूर्ण राहावें. यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणारा ग्रावा, म्हणजे पाषाण, तेथें असावा. मागें उत्तम काष्ठाचा बुंधा, बीळ मधल्या बोटाएवढें, आणि दारू ठासावयास शलाका. हें लघुनालिक पायदळानें व घोडेस्वारांनीं बाळगावें. वितस्ति बारा अंगुळांची धरिली तर नळीची लांबी साठ अंगुळें, म्हणजे सुमारें ४५ इंच होते. इंग्रजांच्या जुन्या लांब बंदुकीची नळी ४६ इंच होती व कंपनीच्या शिपायांच्या हातीं पुढें जी आली तिची ३९. बीळ दोहोंचें पाऊण इंच, म्हणजे बरोबर एक अंगूळ. हा मेळ पाहून कोणी लगेच कंपनीची बंदूक म्हणेल. पण लांब नळीच्या बंदुका देशी कारागीरही करीत, म्हणून केवळ लांबीवर आम्ही भिस्त ठेवीत नाहीं.

आतां ‘कर्ण’ हा शब्द पाहावा. मराठींत तोफेच्या वा बंदुकीच्या बत्तीच्या छिद्रास कान म्हणतात. तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानांत खिळा ठोकीत, हें बखरींच्या वाचकांस सांगावयास नको. बंदूक हा शब्द मुसलमानी भाषांतून आला. रंजक, म्हणजे कानावर घालावयाची बारीक दारू, हा फारशी. तमंचा तुर्की वळणाचा. पिस्तूल व काडतूस हे पोर्तुगीजांपासून. परंतु बंदूक वापरणाऱ्यानें रोज ज्यांस बोट लावावयाचें त्या अंगांचीं नांवें पाहा : नळी, कान, घोडा, माशी. तीं बहुतेक घरचीं आहेत व शरीरावरून किंवा प्राण्यांवरून पडलेलीं आहेत. शुक्रनीतिकारानें ‘कर्ण’ लिहिला तो अशाच एखाद्या देशी भाषेंतील ‘काना’चा संस्कृत अनुवाद होय, असें आमचें मत आहे. मूळ शब्द संस्कृत असून त्यापासून पुढें लोकभाषेंत उतरला असता, तर धनुर्वेदाच्या किंवा अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत त्याचा कांहीं तरी माग लागावयास हवा होता.

या शब्दांची सरमिसळ जेथें सहज व्हावी असा प्रदेश म्हणजे आमचा जव्हार-मोखाड्याचा डोंगरपट्टा. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें व त्यास नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत मोडतात. पूर्वेस नाशिकचा घाटमाथा, पश्चिमेस समुद्रकांठचा फिरंगाण, आणि वसई तर मे १७३९ पर्यंत फिरंग्यांकडेच होती. १६७२ च्या जून महिन्यांत मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें. महिना ध्यानांत ठेवावा. मृगाचा पाऊस पडूं लागला म्हणजे या पठारावर बंदुकीचें काय होतें, हें ज्यानें येथील चार महिने काढिले त्यास ठाऊक आहे.

तोड्याच्या बंदुकीचा सारा जीव जामगींत. सुताची वात सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली असते. ती घोड्याच्या चिमट्यांत अशी धरावी लागते कीं चाप ओढतांच तिचा निखारा प्याल्याच्या मधोमध पडावा. वात जळत जाते, म्हणून ती घटकेघटकेस पुढें सरकवावी लागते. बोटभर कमी पडली तर निखारा प्याल्याच्या कांठावर आपटतो आणि रंजक तशीच राहते. हीच तोड्याच्या बंदुकीची मुख्य जुळणी. पावसांत वात विझते. न विझली तरी प्याल्यांतील रंजक ओलावते. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यांतील इतर क्षार हवेंतील पाणी ओढून घेतात व दारू घट्ट होऊन बसते. शुद्ध सोऱ्यास हा दोष फार थोडा. म्हणून सोरा पुनःपुन्हा उकळून, निववून, त्याचे खडे धरणें हें कामही कोंकणपट्टींत जुळणीचाच भाग समजलें पाहिजे.

शुक्रनीतींत दारूचें प्रमाण पांच भाग सोरा, एक भाग गंधक व एक भाग कोळसा असें दिलें असून, नालिकेकरितां सोऱ्याचे सहा किंवा चार भागही सांगितले आहेत. सहाचें प्रमाण शेंकडा ७५, १२॥, १२॥ असें पडतें. इंग्रजी दारूचें प्रमाण अठराव्या शतकाच्या अखेरीस ७५ सोरा, १५ कोळसा, १० गंधक असें ठरलें होतें. कोळसा रुई व निवडुंग यांसारख्या हलक्या लाकडांचा, धूर कोंडून केलेला, असें ग्रंथकार सांगतो, व तें बरोबर आहे. जड लाकडाचा कोळसा मंद जळतो. ज्यानें हें लिहिलें त्यानें दारू करणाऱ्यास जवळून पाहिलें होतें, याविषयीं आम्हांस संशय नाहीं.

तथापि त्यानें तोड्याची बंदूक वर्णिली नाहीं, आणि येथेंच सर्व मुद्दा आहे. जामगीचें नांव नाहीं. अग्नि पडतो तो पाषाणापासून व यंत्राच्या आघातानें. म्हणजे ही चकमकीची बंदूक. फ्रान्सांत सतराव्या शतकाच्या आरंभीं चकमकीचा चाप पूर्णत्वास आला. हिंदुस्थानांत देशी लोकांच्या हातीं त्यानंतरही दीर्घकाल तोड्याचीच बंदूक राहिली. चकमकीची जुळणी अगदीं निराळी. गारेचा तुकडा चामड्यांत गुंडाळून घोड्याच्या जबड्यांत आवळावयाचा. त्याची धार समोरच्या पोलादी पट्टीस सबंध रुंदीनें लागली पाहिजे, कोपऱ्यानें नव्हे. प्याला कांठोकांठ भरूं नये. रंजक कानाच्या तोंडावर चढली तर ती वातीसारखी हळू जळत आंत जाते व बार उशिरां होतो, आणि तेवढ्यांत हात हालतो. कान सुईनें मोकळा ठेवावा लागतो. वीसतीस बारांनीं गार बोथट होते. ‘यंत्र’, ‘आघात’ आणि ‘ग्रावा’ हे तीन शब्द एकत्र आले म्हणजे त्यांतून दुसरा अर्थ निघत नाहीं, व यामुळें ऑपर्ट यांचा पक्ष आम्हांस मुळींच टिकण्यासारखा दिसत नाहीं.

पण तिलबिंदूंकडे येऊं. कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीस मागें खांच नसे. पुढें संगीन अडकवावयाचा जो उंचवटा असे त्यावरच काय तो नेम. फलटणीनें एकदम बार काढावयाचे, तेथें एकेकट्याच्या नेमाची मातबरी कोणास? उलट देशी तोड्याच्या बंदुकीस पुढें माशी व मागें खांचेचा ठोकळा, असे दोन्ही बहुधा असत. शुक्रनीतींत बिंदु दोन्ही टोंकांस सांगितले आहेत. तेव्हां ग्रंथकारासमोर जी वस्तु होती तिचा चाप फिरंगी धाटणीचा व नळी देशी धाटणीची होती. निदान त्याच्या मनांत बंदुकीचें जें चित्र होतें त्यांत दोन्ही मिसळलीं होतीं. असें मिश्रण कंपनीच्या कवाइती फौजांचा दाखला देशी कारागिरांपुढें आल्यावरच संभवतें. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत टोपीच्या बंदुकीनें गारेस मागें टाकिलें, व टोपीचा या श्लोकांत मागमूस नाहीं. म्हणून निदान हें प्रकरण तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंतचें मानावें. गोपाल यांच्या निर्णयाच्या हें जवळच येतें. फक्त आमची वरची मर्यादा थोडी मागें जाते.

दोन बिंदूंचें महत्त्व किती, हें आजच्या पिस्तुलाच्या स्पर्धांवरून उत्तम कळतें, म्हणून थोडें विषयांतर पत्करतों. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ सालीं निघाली व लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नांवें नेमबाजीची अखिल भारतीय स्पर्धा चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई खेळांत ज्या २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें, त्याच्या नियमांत दोन बिंदूंमधील अंतर २२० मिलिमीटरांहून अधिक चालत नाहीं, आणि चापावर निदान १००० ग्रॅम भार पेलला पाहिजे. हिशेब करून पाहावा. पुढची माशी एक मिलिमीटर सरकली तर २२० मिलिमीटरांच्या पिस्तुलाची गोळी २५ मीटरांवर सुमारें ११४ मिलिमीटर चुकते. बिंदूंमध्यें ११०० मिलिमीटर असलेल्या लांब नळीची तेवढ्याच चुकीनें फक्त २३ मिलिमीटर. म्हणून लांब नळीस तिळाएवढा बिंदु पुरला. हातांतल्या पिस्तुलास तो पुरत नाहीं, तेथें मागची खांच मळसूत्रानें केसभर सरकवितात. गोळी डावीकडे गेली तर मागची खांच उजवीकडे न्यावयाची, माशी सरकवावयाची झाल्यास ती डावीकडे. जुन्या बंदुकींत मळसूत्र नव्हतें; गोळी खालीं लागत असेल तर माशी कानशीनें घाशीत, म्हणजे नळीचें तोंड उचललें जाई व गोळी वर चढे. फार घासली तर नवी डाग देऊन बसविण्यावांचून गति नसे.

याहून चमत्कारिक प्रकार १९७६ सालीं अमेरिकेंत मिसुरी प्रांतांतील कोलंबिया येथें जेफ कूपर प्रभृतींनीं स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनचा. तेथें धांवत, वळत, आडोशामागून बार काढावयाचे. गुणांस वेळेनें भागतात. हत्यारांचे विभाग पाडिले आहेत, आणि प्रत्येक विभागांत किती जुळणी करूं द्यावयाची याची मर्यादा बांधिली आहे. कांहीं विभागांत पिस्तूल २२५ लांब, १५० उंच व ४५ मिलिमीटर जाड अशा पेटींत बसलें पाहिजे. खुल्या विभागांत पेटी नाहीं व भिंगाचा नेमही चालतो. दारूचा जोर गोळीचें वजन ग्रेनांत व वेग सेकंदास फुटांत घेऊन, गुणून, हजारानें भागून काढितात. तो निदान १२५ भरावा लागतो. १२४ ग्रेनांची गोळी सेकंदास १०२० फूट गेली तर १२६ च्या वर आंकडा येतो, म्हणजे जेमतेम पार. याहून अधिक दारू घातली तर हात उसळतो व दुसरा बार उशिरां होतो. कमी घातली तर स्पर्धेंतून नांव जातें. मग त्या बाराच्या मानानें सरकत्या भागाची कमान नरम वा कडक घालितात. आपल्या देशांत ९ मिलिमीटरचें पिस्तूल निषिद्ध बोअरांत मोडत असल्यामुळें सामान्य परवानाधारकास तें मिळत नाहीं.

विषयांतर केलें तें यासाठीं कीं शुक्रनीतिकारानें जें मोजून सांगितलें — नळीची लांबी, बिळाचा व्यास, दोन बिंदु, दारूचे भाग — तेंच आजचे नियमकर्तेही मोजतात. चापाचा भार मात्र त्यानें सांगितला नाहीं. चकमकीचा चाप जड असे, व तो हलका करणें ही नेमबाजाची हौस. सैन्यास तिची गरज नव्हती. ग्रंथकाराची दृष्टि शस्त्रागार भरणाऱ्या मुत्सद्द्याची आहे, नेम धरणाऱ्याची नव्हे, हें येथें उघड होतें.

आतां संग्राहकांस एक विनंति. जुन्या यादींत ‘माशी मोडली’ किंवा ‘कान मोठा झाला’ असा शेरा आढळला तर लेखकप्रमाद समजून तो दुरुस्त करूं नये. पहिल्याचा अर्थ पुढचा बिंदु गेला. दुसऱ्याचा, पुष्कळ बार होऊन छिद्र झिजलें व त्यांतून जोर वायां जाऊं लागला. तसेंच घरांतील जुनी बंदूक कोणा हौशी कारागिराकडून घासून, चाप बदलून लखलखीत करून घेऊं नये. माशीवरील कानशीचे घाव, प्याला काढून टोपीची कांडी बसविल्याची खूण, मागच्या ठोकळ्याचें डांक, हींच तिचीं अक्षरें. तीं पुसलीं कीं पोथीचीं पानें धुतल्यासारखें होतें. कायद्याचीही एक गोष्ट ध्यानांत असावी. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत जुन्या धाटणीच्या वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या हत्यारास सूट आहे ती, दुरुस्त करूनही जें चालणार नाहीं अशापुरतीच. चालूं शकणारी ठासणीची बंदूक भिंतीवर टांगली असली तरी तिला परवाना लागतो.

आम्हांस हव्या आहेत त्या केवळ मापांच्या नोंदी. ज्यांच्यापाशीं परवान्याची अथवा निकामी झालेली देशी घडणीची चकमकीची बंदूक असेल, त्यांनीं नळीची लांबी, बिळाचा व्यास, दोन बिंदूंमधील अंतर, कान उजव्या अंगास आहे कीं वर आहे, आणि चाप मूळचा कीं मागाहून बसविलेला, एवढें मंडळाकडे लिहून कळवावें. तोड्याच्या बंदुकीवर मागाहून गारेचा चाप चढविलेले नग जर दोनचारही निघाले, तर वर मांडिलेल्या मिश्रणास प्रत्यक्ष आधार मिळेल.