परसातला तलाव आणि सिमेंटची बंदूक

अमेरिकेत घरामागे पोहण्याचा तलाव बांधायची चाल पडली, तिचं श्रेय सहसा हॉलिवूडच्या श्रीमंतीला दिलं जातं. माझ्या मते मोठा वाटा सिमेंट फवारणाऱ्या यंत्राचा आहे. ते घडवलं कार्ल एकली यांनी. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने उभे करणारा हा माणूस! निमित्त होतं इमारतीच्या झडलेल्या दर्शनी भिंतीचं. पेटंट १९११ चं. कोरडं वाळू-सिमेंट हवेच्या दाबानं नळीतून येतं, पाणी तोंडाशीच मिसळतं आणि माल सळयांच्या जाळीवर आदळून घट्ट बसतो. तलावात मागचा आधार खणलेल्या खड्ड्याच्या मातीचा. आतबाहेर शटरिंग ठोकायला नको, म्हणून वळणदार तलावही चौकोनी तलावाइतकाच सोपा झाला.

कुणी म्हणेल, ही वळणं आधुनिक कलेतून आली. फिनलंडमध्ये वास्तुकार अल्वार आल्टोच्या व्हिला माइरिया या घरात १९३९ सालीच तसा तलाव होता आणि उद्यानरचनाकार थॉमस चर्चच्या कॅलिफोर्नियातल्या डॉनेल बागेनं १९४८ मध्ये तो आकार गाजवला. हे खरंच. पण दोन्ही कामं धनिकांची. आवड मासिकांतून पसरते. मध्यमवर्गीयाच्या परसात उतरायला मात्र शटरिंग ठोकणाऱ्या सुताराची मजुरी वाचावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत ती या फवाऱ्यानं वाचवली. कॅलिफोर्नियात काँक्रीटच्या तलावाचं कवच आजही बहुधा फवारूनच उभं करतात.